डाव्या दंडाची बेटकुळी

प्रिय मोठीमाय,

तुला वाचता येत नव्हतं, हे मला माहीत आहे. अंगठा सोडून कागदावर तू कधी काही उमटवलं नाहीस. तरी मी कागद घेऊन बसले आहे, कारण तू समोर असतीस तर आज मी भांडले असते. आणि भांडण सुरू झालं की तू "चाल, आधी भाकर खाय" म्हणून मला गप्प केलं असतंस. या वेळी ते चालणार नाही. या वेळी तू ऐकायचं.

सोमवारी मला बुलढाण्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात एक फॉर्म द्यायचा आहे. अपंग म्हणून नोकरीला लागलेल्या आम्हा शिक्षकांची पुन्हा तपासणी चालली आहे. कुठे कुठे खोटी सर्टिफिकेटं निघाली, म्हणून खऱ्यांनाही रांगेत उभं केलंय. फॉर्मात एक रकाना आहे, 'अपंगत्वाचे कारण'. माझ्या जुन्या सर्टिफिकेटवर तिथे 'पोलिओ' लिहिलंय. शाळेत नाव घालताना, नोकरीला लागताना, लग्न ठरताना, सगळीकडे मी तेच सांगत आले. लहान असताना ताप आला आणि डावा हात गेला.

मोठीमाय, तो पोलिओ नव्हता ना गं?

उंद्रीला तू कौतिकामाय होतीस. अर्धं गाव तुझ्या हातावर जन्मलेलं. मला मात्र तू बाबांची थोरली वहिनी, माझी मोठीमाय, आणि रोज सकाळी ओसरीत माझा डावा हात मांडीवर घेऊन बसणारी बाई. वाटीत कोमट केलेलं करडईचं तेल. तुझा अंगठा मानेपासून सुरू व्हायचा, हासळीच्या हाडावरून खांद्याच्या खळग्यात उतरायचा, मागे वळून पाखुऱ्याभोवती फिरायचा, मग दंड, कोपर, मनगट, एकेक बोट. शाळेची घंटा झाली तरी तू सोडायची नाहीस. माझ्या शाळेच्या फ्रॉकला तेलाचा वास यायचा म्हणून पोरी माझ्याशेजारी बसायच्या नाहीत, हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

तेल लावून झालं की तू माझा हात धरून डोक्यावर न्यायचीस आणि खाली आणायचीस. तुला विसाच्या पुढे मोजता येत नव्हतं, म्हणून तू नावं घ्यायचीस. तुझ्या हातानं जन्मलेल्या लेकरांची नावं, ज्या क्रमाने जन्मली त्या क्रमाने. हात वर, दादाराव. हात खाली. हात वर, शांता. पुन्हा खाली. हात वर, अशोक. काही नावांवर तू हसायचीस, एकदोन नावांवर उसासा टाकायचीस. यादी कमलवर संपायची. कमल झाली की हात खाली ठेवून तू म्हणायचीस, "जाय आता शाळेत."

मी एकदा विचारलं होतं, "मोठीमाय, माझं नाव काऊन नाही घेत तू?"

तू तेलाचे हात पायांना पुसलेस आणि म्हणालीस, "तू तं समोर बसेल हाय. तुले काय मोजाचं?"

मला केवढा आनंद झाला होता! मला वाटलं, मी इतकी जवळची की मोजायची गरज नाही. 

गेल्या गुरुवारी तपासणीला गेले तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी माझे दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले. टेप लावून मोजले. डावा आखूड आहे, ते मला माहीत होतं, ब्लाउज शिवणारीलाही माहीत आहे. मग म्हणाले, डोळे मिटा. पेनचं टोपण दंडाच्या बाहेरच्या बाजूला टेकवत विचारत गेले, "कळतंय? आता? आता?" मी नाही म्हणत गेले. मग थांबले आणि म्हणाले, "मॅडम, पोलिओत ताकद जाते, स्पर्श जात नाही. हा पोलिओ नाही."

मी म्हटलं, "सर, सर्टिफिकेट खोटं नाही माझं." माझा आवाज चढला होता. दारात रांग उभी होती, सगळे ऐकत होते. सध्या 'खोटं' हा शब्द नुसता कानावर आला तरी आम्ही पिशवीतले कागद चाचपतो.

ते म्हणाले, "हात खरा आहे हो. कारण खोटं आहे. तुमचा जन्म घरी झाला का?"

मग त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. मानेतून पाच शिरा निघतात, पाच दोऱ्यांसारख्या. हासळीच्या खालून जाताना त्यांची वेणी घातली जाते, आणि वेणीतून पुन्हा पेड सुटून हातात जातात. कुठला पेड खांदा उचलतो, कुठला कोपर वाकवतो, कुठला तळवा पुढे फिरवतो. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला, मग डोकं धरून ओढलं, की मान आणि खांदा यांच्यामध्ये ताण पडतो. वरचे दोन पेड तुटतात किंवा उसवतात. बोटं चालतात, पण खांदा उचलत नाही. हात सरळ लोंबतो आणि तळवा मागे वळतो.

तळवा मागे! शाळेतली पोरं मला काय म्हणायची, आठवतं? "इचा हात मांगून चिरीमिरी मागते बे." तू काठी घेऊन त्यांच्या मागे धावली होतीस.

मी त्या वेणीकडे बघत राहिले. मला एका हाताने वेणी घालता येत नव्हती. बारावीपर्यंत माझ्या दोन्ही वेण्या कोण घालत होतं?

डॉक्टर आणखी एक बोलले, ते तुला सांगायलाच हवं. त्यांनी माझा हात धरून वर नेला, फिरवला आणि त्यांना नवल वाटलं. म्हणाले, "इतक्या वर्षांचा हात, खांदा तर दगडासारखा आखडून जायला हवा होता. कुणी व्यायाम करून घेतला तुमच्याकडून?" मी तुझं नाव सांगितलं. मग ते म्हणाले, "असा खांदा अडकला की फार वेळ हातात नसतो. ओढलं नसतं तर कदाचित तुम्ही इथे बसला नसता. पण पहिल्या काही महिन्यांत मोठ्या दवाखान्यात दाखवलं असतं, तर..."

तिथे ते थांबले. बहुतेक माझा चेहरा बघून थांबले. तो 'तर' माझ्याबरोबर एसटीत बसला आणि अजून उठलेला नाही.

चिखलीला स्वतःच्या घरी न उतरता मी तशीच उंद्रीला आले. माय ओसरीत सुपात तूर पाखडत होती. मी चप्पलही काढली नाही. म्हटलं, "माय, डॉक्टर म्हणते हा पोलिओ नाही. जन्माच्या वेळी ओढल्यानं झालं."

सूप थांबलं. माय खाली बघत म्हणाली, "त्याले कसं समजलं?"

बस. एवढंच. 'नाही' म्हणाली नाही, 'काय बोलतं' म्हणाली नाही. त्याला कसं समजलं! इतकी वर्षं ती आणि तू एका चुलीवर भाकरी थापत होतात, आणि दोघींना माहीत होतं.

मग तिने सांगितलं. बाबा तेव्हा सुरतला कामाला होते. मोठेबाबा जीप बघायला चिखलीला गेले होते, ते परत येईपर्यंत माझं डोकं बाहेर आलं होतं. "डोकं आलं आन् तू तिथंच अडली," माय म्हणाली. "मोठीमायनं बोटं घालून पाह्यलं, मले कुशीवर करून पाह्यलं. तुह्यं तोंड निळं पडून राह्यलं होतं. मंग तिनं ओढलं. तू रडली. पर ती काही बोलली नाही. दरवेळी लेकरू झालं की मोठ्यानं सांगे, पोरगा का पोरगी. त्या दिवशी चुलीपाशी बसली आन् आपल्याच हाताकडं पाहत राह्यली. तिच्या हाताले समजलं होतं."

मी विचारलं, "मग बाबांना का नाही सांगितलं? दवाखान्यात का नाही नेलं?"

"तुह्या बापाले समजलं असतं तं दोघा भावायचं घर फुटलं असतं. आन् गावानं तिले जगू देलं असतं का? तुले दुपट्यात घट्ट बांधून ठेवे मी. खालच्या गल्लीत एका लेकराचा पाय तापात गेलता. आमाले आयतं कारण भेटलं. तुह्या बापाले आल्यावर सांगतलं, ताप आलता, हात गेला."

बाबा तेच खरं मानून गेले. डोस पाजला असता तर पोरीचा हात वाचला असता, असं म्हणत स्वतःलाच बोल लावत गेले. मोठीमाय, ते तू ऐकत होतीस. तुझ्या देखत ते कपाळावर हात मारायचे. तुला एकदाही वाटलं नाही का, की बोलून टाकावं?

हे बघ, ओढलंस, त्याबद्दल मला काही विचारायचं नाही. निळं पडलेलं लेकरू तुझ्या हातात होतं आणि आत माझी माय होती.  ओढलंस म्हणून मी आहे. पण लपवलंस का? एक हात गेला तो त्या क्षणात गेला, त्याला तुझा इलाज नव्हता. नंतरचे महिने मात्र तुझ्या हातात होते. तेलात भिजवलेले, नावं मोजलेले महिने! कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित शिरा शिवून हात थोडा जास्त चालला असता. मला हे कधीच कळणार नाही, आणि त्याचाच मला राग आहे.

राग म्हणते आणि लगेच काहीतरी दुसरंच आठवतं. हीच माझी पंचाईत आहे.

मी सात वर्षांची असेन. तू माझा हात चोळत होतीस आणि उंबऱ्याबाहेर एक माणूस घामाघूम होऊन उभा होता. त्याची बायको अडली होती. "कौतिकामाय, चाल वं, गाडी जुपेल हाय," तो हात जोडून म्हणत होता. तू मान वर केली नाहीस. म्हणालीस, "चिखलीले ने तिले. आत्ताच्या आत्ता ने. माह्या हाताले आता दुसरं काम हाय." तो शिव्या देत गेला. गावात बोभाटा झाला, कौतिकामायला माज चढला. मलाही लाज वाटली होती तुझी. माय म्हणाली, माझ्यानंतर तू एकाही बाळंतिणीला हात लावला नाहीस. म्हणून तुझी यादी माझ्या आधीच्या कमलवर संपत होती.

आणि ती लेझीम! जयंतीच्या मिरवणुकीत मला लेझीम खेळायची होती. सहावीत होते. मास्तर म्हणाले, "सुजाता, सगळ्यांचे हात वर जातील, तुझा खाली राहील. ओळ बिघडते. तू पाणी वाटायला राह्य." मी रडत घरी आले. तू पदर खोचलास आणि समाजमंदिरासमोर सगळ्या पथकादेखत उभी राहिलीस. "तिचा हात खाली राह्यते न? मंग समद्यायचे हात खाली ठेवा."

मास्तर हसले. तू हलली नाहीस. ऊन डोक्यावर आलं तरी तू तिथेच, पथकाच्या बरोबर मधोमध. शेवटी वैतागून मास्तरांनी एक नवा हात बसवला, लेझीम कमरेजवळ ठेवून खाली वाकत पुढे जायचं. मिरवणुकीत तोच हात सगळ्यांना आवडला. आजही उंद्रीच्या पथकात तो आहे. त्याला 'सुजीचा हात' म्हणतात. नव्या पोरींना सुजी कोण हे माहीतही नाही.

आणि माझी बेटकुळी. रोज तेल झालं की तू म्हणायचीस, "दाखव." मी कोपर वाकवायची, जेवढं वाकेल तेवढं. उजव्या दंडाला टुणकन बेडकी फुगायची, डाव्याला काही नाही. एके दिवशी, मी नऊ वर्षांची असेन, डाव्या दंडाच्या कातड्याखाली काहीतरी हललं. लिंबाएवढंही नाही, आवळ्याएवढं. तू बोट ठेवून बघितलंस. पुन्हा वाकवायला लावलंस. मग तू ओसरीतून ओरडत सुटलीस, "बेटकुळी आली वं! पोरीले बेटकुळी आली!" शेजारणी धावत आल्या. तुला रडू आवरेना. सगळ्या म्हणाल्या, एवढ्याशा गोष्टीला रडतात का? मीसुद्धा म्हटलं.

आता कळतं, तू कशासाठी रडत होतीस. पण मग त्या दिवशी तरी सांगायचं होतंस!

की सांगणार होतीस? मागच्या थंडीत तू अंथरुणावर होतीस, बोलणं अर्धवट झालं होतं. एका दुपारी तू माझा डावा हात मागून घेतलास. उचलायची ताकद तुझ्यात नव्हती, म्हणून मीच उजव्या हाताने तो वर नेत राहिले आणि तू नावं घेत राहिलीस. दादाराव. शांता. अशोक. दम लागत होता, तरी एक नाव चुकलं नाही. कमलपर्यंत आलीस. मी हात खाली ठेवू लागले तर तू तो धरून ठेवलास. तुझे ओठ हलत होते. मला वाटलं, दमलीस. मी म्हटलं, "बस झालं, मोठीमाय, झोप आता." आणि तुझ्या अंगावर गोधडी ओढली.

काय म्हणणार होतीस गं? मी का घाई केली?

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या सभेत सगळे बोलायला उभे राहिले. "कौतिकामायच्या हातानं एकही लेकरू वाया गेलं नाही," प्रत्येक जण म्हणाला. मीही तेच म्हणाले, माइक उजव्या हातात घेऊन, डावा पदराखाली झाकून.

आता तो फॉर्म. डॉक्टर म्हणाले, तपासणीत दिसतं ते मी लिहीन, पण जन्माची हकीकत तुम्ही तुमच्या अक्षरात लिहा आणि तेव्हा हजर असलेल्या कुणाची तरी सही आणा. खरं लिहिलं तर जुना कागद आणि नवा कागद जुळणार नाहीत, चौकशी लागेल. शाळेत आत्ताच दोघेजण मला बघून आवाज खाली करतात. पोलिओच लिहिलं तर खोटी सर्टिफिकेटवाली मी त्या क्षणी होईन, इतकी वर्षं नव्हते. आणि खरं लिहिलं तर गाव तुला काय म्हणेल?

सकाळपासून माय एकच पाढा म्हणते आहे. "पोलिओच राहू दे. मेल्या बाईले कायले कचेरीत उभी करून राह्यली? मी सही देत नाही, सांगून ठेवतो."

हे पत्र लिहिताना ती मघापासून भिंतीला टेकून बसली होती. आत्ता म्हणाली, "मोठीमायलेच लिव्हून राह्यली न? वाच."

मी सुरुवातीपासून वाचलं. लेझीमच्या ठिकाणी ती हसली. बेटकुळीच्या ठिकाणी तिने तोंडाला पदर लावला. गोधडीचं वाचून झालं तेव्हा तिने पदर खाली घेतला. मग हात पुढे केला.

"दे तो फारम. कुठी सही कराची ते सांग. ओढलं तिनं एकटीनं. लपवलं दोघीनं. तिची एकटीची बदनामी काऊन?"

मायने सही केली. तिसरीपर्यंत शिकलेलं अक्षर, एकेक अक्षर सुटं. मग मी रकाना भरला. जागा दोन ओळींची होती, मी समासातही लिहिलं: 'जन्मताना खांदा अडकला. दाई कौतिकाबाई यांनी ओढून बाहेर काढलं. आई आणि मूल दोघंही वाचली. डाव्या हाताच्या शिरा तुटल्या. घरच्यांनी भीतीपोटी ताप सांगितला. त्याच कौतिकाबाईंनी दहा वर्षं रोज मालीश केली, म्हणून सांधा मोकळा राहिला.' यातलं कुठलंही वाक्य खोडायला लावलं तर मी खोडणार नाही. चौकशी लागू दे. हात दाखवेन, हकीकत सांगेन, जे होईल ते होईल.

लपवलंस ते मी माफ केलं असं समजू नकोस. आज तरी नाही. पुढचं मला माहीत नाही.

पण एक वचन देते. सोमवारी निघायच्या आधी मी याच ओसरीत बसेन. वाटीत करडईचं तेल कोमट करेन. उजव्या हाताने डावा हात धरून वर नेईन आणि तुझी नावं घेईन, दादारावपासून, एकही न चुकवता. कमल आली की तू थांबायचीस. मी थांबणार नाही. हात आणखी एकदा वर नेईन आणि मोठ्याने म्हणेन, सुजाता.

त्यानंतर रोज म्हणेन.

तुझ्या हातची शेवटची,
सुजी